स्टिअरिंगमधला ‘टण्ण’: पुरात उभ्या राहिलेल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. मालकीणबाई कॉलेजात शिकवतात, राहायला नागपुरात, डागा लेआउटला. तक्रार एका ओळीची: स्टिअरिंग फिरवलं की पुढून ‘टण्ण’ असा आवाज येतो. दुसऱ्या एका वर्कशॉपनं गाडी लिफ्टवर चढवली, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवून पाहिलं, ‘रॅक गेला’ म्हणून सांगितलं आणि पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवलं. तो कागद घेऊन मॅडम मानेवाड्याला माझ्या गॅरेजवर आल्या. रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं घेऊन पुढची चाकं वळवणारा खालचा पार्ट. त्या गाडीचा रॅक चांगला होता आणि आजही तिच्यात तोच आहे. बिघाड दोन निघाले, दोन्ही रॅकच्या बाहेर, आणि दोन्हीचं मूळ एकाच रात्रीत.

एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की नागपुरात पुराचं पाणी पाहिलेल्या गाड्या खूप आहेत. त्यांचे आवाज आता एकेक करून बाहेर पडतायत आणि दरवेळी सगळ्यात महागाच्या पार्टवर बोट ठेवलं जातंय. गाडीवाल्यानं काय सांगायचं आणि मिस्त्रीनं काय तपासायचं, हे दोघांनाही कळलं पाहिजे.

आधी आमचं बोलणं.

“भाऊ, स्टिअरिंग फिरवलं की टण्णकन वाजते. सकाळी गेटातून गाडी काढताना तर शेजारचे वळून पाहतात.”

“उभ्या गाडीत वाजते का चालत्या?”

“उभ्या गाडीत जास्त. अन् एकदम हळू असली की. वर्धा रोडला लागली की काहीच नाही.”

“स्पीड ब्रेकरवर?”

“नाही जी.”

“यू-टर्न घेतल्यावर स्टिअरिंग आपल्या मनानं सरळ होते का?”

मॅडम जरा थांबल्या. “तुम्ही विचारलं म्हणून आता लक्षात येऊन राहिलं. मलाच ओढून सरळ करावं लागते. मला वाटलं, गाडी जुनी झाली आता.”

या शेवटच्या उत्तरानं माझं निम्मं काम केलं. पुढची चाकं मुद्दाम अशा तिरप्या अक्षावर बसवलेली असतात की वळण संपून हात सैल सोडला की ती आपोआप सरळ होतात. ती होत नसतील तर त्यांना कुणीतरी धरून ठेवतंय. स्टिअरिंगच्या आवाजात मी सगळ्यात आधी हीच विभागणी करतो: आवाज ढिलेपणाचा आहे की अडकण्याचा? झिजलेला रॅक बुश, खेळ आलेला टाय रॉड एंड, सुटत आलेला बॉल जॉइंट हे ढिले पार्ट. ते खराब रस्त्यावर, सरळ जातानाही खडखडतात. गाडी उभी असताना एकदा टण्ण करून गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नाही. अडकणारा पार्ट आधी ताण साठवतो आणि मग एकदम सोडतो. मॅडमच्या गाडीत खराब रस्त्यावर आवाज नाही, उभ्या गाडीत आहे, आणि स्टिअरिंग परतत नाही. तिन्ही खुणा अडकण्याच्या. एस्टिमेटमध्ये मात्र ‘रॅकमध्ये प्ले’, म्हणजे ढिलेपणा, असं लिहिलं होतं.

मग विचारलं, “गाडी कधी पाण्यात होती का?”

“२०२३ ला. बोनेटपर्यंत पाणी होतं.”

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकराला वेगळी सांगावी लागत नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. रात्री घरासमोर लावलेल्या गाड्या सकाळी गाळात सापडल्या. मॅडमच्या गाडीचं इंजिन ऑइल तेव्हाच बदललं होतं, सीट आणि मॅट काढून वाळवल्या होत्या, वायरिंग पाहिलं होतं, ब्रेक उघडून साफ केले होते. म्हणजे त्या वेळी काम केलेल्यांनी हयगय केली नव्हती. पण शॉकअपच्या माथ्यावरचं बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या शाफ्टचे जॉइंट तेव्हा कुणी उघडत नाही, कारण त्या दिवशी ते मजेत फिरत असतात.

गाडी चालवून पाहायला निघालो. यासाठी आपल्या शहराचे रस्ते सोयीचेच आहेत. सिमेंट रोड आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांच्यात बऱ्याच ठिकाणी चांगली पायरी पडलेली असते. एक चाक वर, एक खाली ठेवून हळू चाललं की लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश खराब असतील तर लगेच बोलतात. इथे सगळं शांत. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून, थोडा रेस देऊन गोल फिरवली. ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला असेल तर अशा वेळी टक-टक-टक असा ठेका धरतो आणि वेगाबरोबर ठेका वाढतो. तसंही काही नव्हतं. हॉर्न वाजत होता, एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा लागून विझत होता, म्हणून स्टिअरिंग व्हीलमागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी, हीही संशयातून बाजूला ठेवली.

पण परत येऊन गाडी हळूहळू लावताना तळहाताला आणखी एक गोष्ट जाणवली. टण्णच्या मधे मधे एक बारीक ‘कट’. कानापेक्षा हातालाच जास्त कळणारा. आणि तो स्टिअरिंगच्या ठरावीक जागांवरच येत होता, एका फेऱ्यात दोनदा. मॅडमनं त्याचा उल्लेख केला नव्हता, कारण मोठ्या आवाजाखाली तो दबून गेला होता. तक्रार एक आली म्हणजे बिघाडही एकच, असं धरून चालू नये. मोठा आवाज बंद केला असता तर आठवड्याभरात त्या दुसरा घेऊन आल्या असत्या.

आता तपासणी. आधी इंजिन बंद, किल्ली फक्त स्टिअरिंगचा लॉक सुटण्यापुरती फिरवलेली. या गाडीत पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं. मोटर डॅशबोर्डखाली, कॉलमवरच, म्हणजे स्टिअरिंग व्हीलच्या दांड्यावरच बसवलेली. ही पद्धत पहिल्यांदा १९८८ साली जपानात सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आली आणि आज आपल्याकडच्या लहान गाड्यांत सर्रास आहे. त्यात तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही, त्यामुळे पट्ट्याची किंचाळी किंवा तेल कमी झाल्यावरचा घूंऽऽ असा आवाज येण्याचा प्रश्नच नाही. इंजिन बंद ठेवून जोर लावून स्टिअरिंग फिरवलं. जड फिरलं, पण टण्ण आला आणि कटही आला. मदतीची मोटर झोपलेली असताना दोन्ही आवाज येतात, म्हणजे मोटर निर्दोष.

मग इंजिन चालू करून मी स्टिअरिंगवर बसलो आणि आमच्या पोराला डाव्या चाकापाशी बसवलं. त्याला सांगितलं, शॉकअपच्या स्प्रिंगवर बाहेरून बोटांची टोकं नुसती टेकव. दोन वेढ्यांच्या मधे बोट घालायचं नाही. हे कुणी घरी करून पाहणार असेल तर हे वाक्य दोनदा वाचा. लहान गाडीच्या एका पुढच्या चाकावर अडीचशे किलोच्या वर वजन असतं, स्प्रिंग ते पेलून दबलेली असते आणि उडताना ती बोटाची गय करत नाही.

मी हळूहळू उजवीकडे फिरवायला लागलो. स्प्रिंगनं खालून चाकाबरोबर फिरायला सुरुवात केली, पण तिचं वरचं टोक जागचं हललं नाही. ओला टॉवेल पिळावा तशी ती पिळत गेली, आणि मग टण्णकन वरचं टोक उडून पुढे आलं. पोरानं हात मागे घेतला. “उस्ताद, इथंच आहे. बोटात झिणझिण्या आल्या.” उजव्या बाजूलाही तेच, जरा कमी जोरानं.

हे असं का होतं, ते एकदा समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याला त्याची सवय आहे. यात शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही चाकाबरोबर वळतात. बॉडी तर वळत नाही. म्हणून वळणारी स्प्रिंग आणि न वळणारी बॉडी यांच्या मधे, अगदी माथ्यावर, एक चपटं बेअरिंग लागतं. गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार त्याच्यावर असतो आणि तेवढ्या भाराखाली त्यानं गुळगुळीत फिरायचं असतं. जुन्या ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार होते, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळल्या जाणाऱ्या सरळ दांड्या. स्टिअरिंग फिरवल्यानं ते फिरत नसत, त्यामुळे तिला हा रोगच माहीत नव्हता. आजच्या गाडीत हे बेअरिंग अडलं की स्टिअरिंग जड होतं, परतत नाही आणि स्प्रिंग उडते.

तरी रॅकवरचा आरोप पुराव्यानिशी काढायचा होता. रॅकच म्हणणाऱ्याकडे एक युक्तिवाद नेहमी असतो: चाकं उचलली की आवाज थांबला, म्हणजे लोड आल्यावर रॅक वाजतो. पण चाकं उचलली की रॅकवरचा जोरही जातो आणि माथ्यावरच्या बेअरिंगवरचं गाडीचं वजनही जातं. दोघांचा भार एकदमच कमी केला तर दोषी कोण हे कसं कळणार? त्यासाठी मी गाडी अलाइनमेंटच्या टर्न प्लेटवर घेतो. चाकाखालची ही तबकडी सहज फिरते. टायर जमिनीला घासत नाही, म्हणून रॅकला जोर लावावा लागत नाही. पण गाडीचं वजन स्प्रिंगवर आणि बेअरिंगवर तसंच्या तसं राहतं. इथे आवाज गेला तर संशय रॅककडे. राहिला तर माथ्याकडे. मॅडमच्या गाडीत तो टर्न प्लेटवरही तितकाच खणखणीत आला. मॅडमना बोलावून दाखवलं. अलाइनमेंट मशीन असलेल्या कुठल्याही गॅरेजात ही तपासणी होऊ शकते, हत्यारं लागत नाहीत, तरी ती क्वचितच केली जाते याचं मला फार वाईट वाटतं. पाच मिनिटांच्या या कामावाचून लोकांचे हजारो रुपये जातात.

आता तो बारीक कट. पुढची चाकं उचलून, स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका बोटानं फिरवत गेलो. एका फेऱ्यात दोन जागी हात अडखळला, एकमेकांच्या बरोबर समोरासमोर. असं नेमकं दोनदा अडखळणं ही युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे कोनात बसलेले दोन दांडे जोडणाऱ्या सांध्याची सही आहे, कारण त्याच्या मधला क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) एका फेऱ्यात दोनदा त्याच कोनातून जातो. पायाजवळचं कव्हर काढून कॉलम ते रॅक जोडणाऱ्या शाफ्टच्या खालच्या जॉइंटला हात लावला, पोराला स्टिअरिंग हलवायला सांगितलं. प्रत्येक अडखळीला कट बोटाखालीच.

इथे कॉलमवरच्या मोटरचा संबंध येतो. जुन्या तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये मदतीचा जोर थेट रॅकवर मिळतो. शाफ्टमधून फक्त आपल्या हाताचा जोर जातो. या गाडीत मात्र मोटर वर आहे, म्हणून हाताचा आणि मोटरचा असा दोघांचा जोर त्या एका बारीक जॉइंटमधून खाली उतरतो. त्यात सुईसारखे बारीक रोलर असतात, ग्रीस कंपनीतूनच भरून येतं, पुन्हा भरायला निपल नसतो. एकदा पाणी आत गेलं की बाहेर काढायची सोय नाही.

काम सुरू केलं. बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबलो, कारण एअरबॅगच्या जवळपास काम होतं. स्टिअरिंग सरळ करून सीट बेल्टनं बांधून ठेवलं. शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरलं तर क्लॉक स्प्रिंग तुटते आणि नसलेलं काम वाढतं. जॉइंट आणि रॅकचा दांडा (रॅकमधून वर आलेला, जॉइंटमध्ये बसणारा) यांवर पांढऱ्या रंगानं खूण केली आणि शाफ्ट काढला. वरचा जॉइंट आपल्या वजनानं लटकून पडला, तसाच पडायला हवा. खालचा हातात धरून आडवा केला तर आडवाच राहिला. ढकलला तेव्हा हलला, आणि सीलच्या कडेनं तांबडी पूड गळली.

शाफ्ट बाजूला होता तेव्हाच रॅकचा दांडा हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिला. एकसारखा, मऊ. रॅकचे दोन्ही रबरी बूट क्लिप काढून मागे सारले. आत पाणी नाही, गाळ नाही, ग्रीस स्वच्छ. पूर येऊनही बूट फाटके नव्हते म्हणून आतलं वाचलं. मॅडमनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला आणि ते एस्टिमेट दुमडून पर्समध्ये टाकलं.

मग दोन्ही शॉकअप खाली घेतले. स्प्रिंग कंप्रेसर लावून स्प्रिंग दाबली, मधला नट हातपान्यानं सोडला. या नटाला एअर गन लावली की आतली दांडी गरगर फिरते आणि चांगल्या शॉकअपचं सील खराब होतं, म्हणून घाई असली तरी मी लावू देत नाही. डाव्या बाजूचं बेअरिंग उघडलं तेव्हा सगळा उलगडा झाला. प्लॅस्टिकच्या दोन कड्यांच्या मधे ग्रीसच्या जागी राखाडी, कडक पापुद्रा. नखानं खरवडला तर नदीचा गाळ, सुकून घट्ट झालेला. गोळ्यांपैकी काही गंजून मार्गावरच बसल्या होत्या आणि त्यांच्याखाली बारीक खड्डे पडले होते. या बेअरिंगची कड धूळ अडवण्यापुरती असते; रात्रभर पाण्याखाली राहण्यासाठी ती केलेलीच नाही. पाण्यानं ग्रीस पांढरट केलं, गाळ आत बसला, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बोनेटखालच्या उष्णतेनं उरलंसुरलं सुकवलं. पुरानंतर लगेच आवाज न येता इतक्या उशिरा का आला, याचं माझ्या मते हेच कारण.

गॅरेजात आलेल्या एकानं सुचवलं की ग्रीस भरून तेच बसवा, चालून जाईल. चाललं असतं, थोडे दिवस. पण गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडल्यावर ग्रीस काही भरून काढत नाही, आणि नवीन बेअरिंगची किंमत ते काढण्या-बसवण्याच्या मजुरीच्या मानानं एवढी कमी आहे की जुनं परत बसवण्यात काहीच फायदा नाही. शाफ्टच्या जॉइंटवर स्प्रे मारून चालवण्याचा सल्ला तर कुणीच कुणाला देऊ नये. तो स्टिअरिंग आणि चाकांमधला एकमेव दुवा आहे.

दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि वरची रबरी माउंटिंग नवीन घातली. उजवं बेअरिंग कमी वाजत होतं, पण उघडल्यावर तेही त्याच वाटेवर दिसलं. स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत नीट टेकलंय का ते दोनदा पाहिलं, कारण ते घसरलं तर पुन्हा टण्ण येतो आणि मग नव्या बेअरिंगला शिव्या बसतात. शाफ्ट नवा, खुणेप्रमाणे. त्याचा पकड बोल्ट रॅकच्या दांड्यावरच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे. नुसता वरवर आवळला तर जॉइंट सरकू शकतो आणि चालत्या गाडीत स्टिअरिंग हातात मोकळं फिरू शकतं. बोल्ट नवाच वापरला, टॉर्क पान्यानं मॅन्युअलप्रमाणे आवळला, वर रंगाची रेघ मारली. मधले नट गाडी स्वतःच्या वजनावर उभी केल्यावर शेवटचे आवळले. मग अलाइनमेंट, कारण शॉकअप काढून बसवला की चाकाचा कोन थोडा का होईना हलतोच.

बिल त्या एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी झालं. जुने पार्ट मॅडमना पिशवीत घालून दिले. गाडी घेऊन त्या रिंग रोडला एक यू-टर्न मारून आल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, “भाऊ, आपोआप सरळ होऊन राहिलं!”

जॉब कार्डवर मी पुरातल्या गाडीसाठी आणखी काही गोष्टी लिहून दिल्या होत्या: चारही चाकांचे बेअरिंग, हँडब्रेकच्या केबल, मागच्या ब्रेकचे ॲडजस्टर, रॅकच्या बुटांवर दर सर्व्हिसला नजर. पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा स्टिअरिंग एका बोटावर फिरत होतं, स्प्रिंग शांत होत्या. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग मात्र घुमायला लागलं होतं. सील उघडून पाहिलं, आत तीच तांबडी पूड. तेही बदललं.